खाऱ्या पाण्याची टाकी : पांढरे ठिपके चार दिवसांत गेले आणि आठवड्याने दुपटीने परत आले

संत्राबाग | १८ मार्च, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी वरुड तालुक्यातील एका गावात राहतो, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरची थोडी संत्र्याची बाग आहे. गोड्या पाण्यातील मासे पंधरा वर्षे पाळले; खाऱ्या पाण्याची टाकी मात्र गेल्या दिवाळीत पहिल्यांदा उभी केली. टाकी चार फुटांची, सुमारे २४० लिटरची आहे. तिच्यात दोन क्लाउनफिश, तीन डॅमसेल, शंखात राहणारे चार खेकडे आणि १ मार्चला नागपूरच्या एका दुकानातून आणलेला एक पावडर ब्लू टँग आहे. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने घरी आलो आणि त्याच संध्याकाळी टँगला सरळ मुख्य टाकीत सोडले. ही चूक होती हे आता कळते आहे, तेव्हा त्याबद्दल कितीही बोलणी खाण्याची तयारी आहे.

१० मार्चला टँगच्या परांवर पाच-सात पांढरे ठिपके दिसले, जणू रव्याचे कण चिकटले आहेत. गोड्या पाण्यातील सवयीप्रमाणे मी हीटर ३० अंशांवर नेला आणि कोणीतरी सांगितले म्हणून खाद्यात लसणाचा रस घातला. चौथ्या दिवशी एकही ठिपका उरला नाही. मी वहीत ‘बरा झाला’ अशी नोंदसुद्धा केली. काल सकाळी दिवा लावला तेव्हा सगळ्याच माशांवर ठिपके होते, टँगवर तर मोजता येऊ नयेत इतके, आणि आज सकाळी एक डॅमसेल मेलेला आढळला. माझा प्रश्न एवढाच आहे की, मधल्या दिवसांत जे बरे झाल्यासारखे वाटले, ते नेमके काय होते?

मत्स्यशाळा | १८ मार्च, रात्री १०.३५

सर, मी मत्स्यविज्ञानाचा पदवीधर असून सध्या भंडारा जिल्ह्यात तलावांवर काम करतो. जे बरे झाल्यासारखे वाटले ते बरे होणे नव्हते. परजीवी माशावरून उतरून तुमच्या वाळूत मुक्कामाला गेला होता.

वर्णनावरून हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स दिसतो. १९५१ साली त्याचे हे नाव ठेवले गेले. गोड्या पाण्यातील पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी इक्थिओफ्थिरियस याच्याशी त्याचे रूप जुळते, पण नाते जवळचे नाही, म्हणून तिथले उपाय इथे लावू नयेत. तुम्हाला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून पोसला जाणारा परजीवी होय. तीन ते सात दिवस खाऊन तो फुगतो, माशाला सोडतो, तळाशी जाऊन वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. त्या कवचात एकाचे दोन, दोनाचे चार होत होत शेकडो पिल्ले तयार होतात. कवच फुटले की ती पोहत सुटतात आणि त्यांना साधारण एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. रानात, म्हणजे समुद्रात, बहुतेकांना मासा सापडतच नाही. तुमच्या चार फुटांच्या टाकीत मात्र मासा चुकवणेच त्यांना अवघड आहे. पाच ठिपक्यांचे शेकडो झाले ते असे.

हीटर वाढवून काही साधले नाही. उलट गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि ज्या माशाच्या कल्ल्यांत परजीवी बसले आहेत त्याला नेमका तोच कमी पडतो. हीटर आजच २६ अंशांवर आणावा आणि हवेचा पंप वाढवावा.

औषधाचे बोलण्यापूर्वी तीन गोष्टी सांगा : ठिपके वेगवेगळे मोजता येतात की अंगावर पिठासारखा थर आहे? मासे प्रवाहाच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात का? क्लाउनच्या अंगावरून साय सुटल्यासारखा चिकट थर सुटतो का?

वैनगंगाकाठ | १८ मार्च, रात्री ११.१०

मत्स्यशाळाभाऊंचे हे प्रश्न कृपया हलक्यात घेऊ नयेत. ब्रह्मपुरीला माझ्या टाकीत दोन वर्षांपूर्वी ‘पांढरे ठिपके’ म्हणून मी क्षारता उतरवण्याचा उपाय सुरू केला. प्रत्यक्षात तो अमायलूडिनियम म्हणजे ज्याला सगळे ‘व्हेल्वेट’ म्हणतात तो रोग होता. त्याचे कण इतके बारीक असतात की बाजूने टॉर्च मारल्यावर अंगावर हळदीची पूड उडाल्यासारखी सोनेरी झाक दिसते, समोरून काहीच दिसत नाही. क्षारता कमी केल्याने त्याला फरक पडत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे एकही मासा उरला नव्हता. मासा अंधाराकडे पळतो आहे, पंपाच्या झोतात तोंड देऊन उभा आहे आणि कल्ले भात्यासारखे हलत आहेत, असे दिसले तर एक रात्रही थांबू नका.

संत्राबाग | १९ मार्च, सायंकाळी ६.२०

आज शाळेतील सूक्ष्मदर्शक घरी आणण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून घेतली. काल मेलेल्या डॅमसेलवर तपासण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून दोन क्लाउनपैकी मोठ्याला ओल्या जाळीत धरून, शेपटीच्या बाजूने काचपट्टीची कड अगदी हलक्या हाताने फिरवली आणि निघालेला चिकटा टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून वर आवरणकाच लावली. शंभरपट वर्धनाखाली करड्या-काळ्या रंगाचा एक गोळा दिसला, कडेने केस हलत होते आणि तो संथपणे स्वतःभोवती फिरत होता. प्रकाश कमी केल्यावर आत मण्यांची छोटी माळ ठेवावी तसे चार गोळे दिसल्यासारखे वाटले. नववीच्या मुलांना पॅरामेशियम दाखवून माझे डोळे सरावलेले आहेत, तरी हे पाहताना हात थरथरला हे कबूल करतो.

ठिपके वेगवेगळे आहेत, पिठासारखे नाहीत. क्लाउनच्या अंगावरून साय सुटत नाही. टँग खातो आहे, पण दगडाला अंग घासतो.

मत्स्यशाळा | १९ मार्च, सायंकाळी ७.०५

हे उत्तम झाले. माळेसारखे चार गोळे हे क्रिप्टोकॅरिऑनचे केंद्रक. गोड्या पाण्यातील इक्थिओफ्थिरियसचे घोड्याच्या नालेसारखे असते. साय सुटत असती तर ब्रूकलिनेला समजलो असतो. तो क्लाउनचा खास वैरी आहे, माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो आणि अशा परजीवींवरच्या नेहमीच्या औषधाला, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या तांब्याला, दाद देत नाही. त्याला फॉर्मॅलिन लागते, आणि फॉर्मॅलिन ही घरात मुले असताना उघडायची बाटली नव्हे.

आता एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. त्वचेखाली बसलेल्या परजीवीला पाण्यातले औषध पोहोचत नाही आणि कवचातल्यालाही पोहोचत नाही. औषध मारते ते फक्त कवच फोडून पोहत निघालेल्या पिल्लांना. म्हणून उपचार किती दिवस चालवायचा हे माशाकडे पाहून ठरत नाही. सगळी कवचे फुटून रिकामी होईपर्यंत पाण्यात औषध टिकले पाहिजे, इतकाच त्याचा हिशेब आहे.

मुख्य टाकीत काहीही टाकू नका. तांब्याने तुमचे खेकडे मरतील, आणि वाळू व दगड चुन्याचे असल्याने ते तांबे शोषून घेतील. पातळी कधीच स्थिर राहणार नाही. सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या उपचार टाकीत घ्यावे लागतील. ज्याच्यावर ठिपका नाही तोही काढायचा, कारण कल्ल्यांतले ठिपके बाहेरून दिसत नाहीत.

बोर्डो | १९ मार्च, रात्री ८.४०

संत्राबाग सर, मीही आपल्याच भागातला, मोर्शीचा. तांबेच लागणार असेल तर ते आपल्या प्रत्येक गोठ्यात पोत्यात पडलेले आहे. संत्र्याच्या खोडाला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक, लावायला आपण मोरचूद आणतोच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच ना? चिमूटभर विरघळवून टाकून पाहायला काय हरकत आहे? बाहेरून मागवलेली छोटी बाटली येईपर्यंत चार दिवस जातील, आणि तिचे पैसे वेगळे.

मत्स्यशाळा | १९ मार्च, रात्री ९.२५

भाऊ, विचार चुकीचा नाही, मोरचूद हे कॉपर सल्फेटच आहे. चूक चिमटीत आहे. एक टक्का बोर्डोला आपण १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद घालतो. मोरचुदात तांबे असते सुमारे चौथा हिस्सा. माशांच्या उपचारात मोकळे तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढेच ठेवतात. म्हणजे १०० लिटरला २० मिलिग्रॅम तांबे, म्हणजेच सुमारे ८० मिलिग्रॅम मोरचूद. बागेच्या फवाऱ्यात याच्या साडेबारा हजार पट असते. दोन बोटांत जेवढी पूड मावते ती या ८० मिलिग्रॅमच्या कितीतरी पुढे जाते, आणि लिटरला ०.१५ च्या खाली परजीवी वाचतो तर ०.२५ च्या वर मासा धोक्यात येतो, इतकी ती वाट अरुंद आहे. सोनाराच्या काट्याशिवाय आणि तांबे मोजायच्या किटशिवाय या वाटेने जाऊ नये. शिवाय शेतीसाठीच्या मोरचुदात दुसरे कोणते धातू आहेत हे पोत्यावर लिहिलेले नसते.

चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेले तांबे मिळते, ते नवख्यासाठी बरे. त्याची पातळी साधारण लिटरला १.५ ते २.५ मिलिग्रॅम असते, कोणते उत्पादन आहे त्यावर अवलंबून. बाटलीवर लिहिलेलीच धरावी. दोन प्रकारांच्या आकड्यांत दहापट फरक आहे, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावून बसलेल्यांनी टाक्याच्या टाक्या मारल्या आहेत. किट घेतानाही ते चिलेटेड तांबे वाचते का हे विचारूनच घ्यावे.

बोर्डो | १९ मार्च, रात्री ९.४०

साडेबारा हजार पट हे वाचून मोरचुदाचा डबा परत गोठ्यात ठेवून आलो. सल्ला मागे घेतो.

परतवाडा_ताई | १९ मार्च, रात्री १०.१५

बाटली येईपर्यंतच्या चार दिवसांचा प्रश्न बोर्डोभाऊंनी बरोबर काढला, त्याचे उत्तर माझ्याकडे आहे. औषध न वापरता मी गेल्या वर्षी माझे दोन क्लाउन याच रोगातून बाहेर काढले, ते फक्त भांडी बदलून. युक्ती अशी की, माशावरून उतरलेला परजीवी कवच करून फुटायला किमान तीन दिवस घेतो. म्हणून दर ७२ तासांच्या आत मासे पूर्णपणे कोरड्या, स्वच्छ भांड्यात नव्या खाऱ्या पाण्यात हलवायचे. उतरलेले सगळे जुन्या भांड्यात मागे राहतात. अशा चार बदल्या, म्हणजे बारा दिवसांत, माशाच्या अंगावर जे होते ते सगळे उतरून गेलेले असते.

माझ्याकडे २० लिटरचे दोन प्लॅस्टिक टब होते. पहिल्या टबासह पाच वेळा पाणी बनवावे लागले : दर वेळी ७०० ग्रॅम सागरी मीठ, एकूण साडेतीन किलो. पाणी आदल्या रात्री बनवून, त्यात हवा सोडून ठेवायची आणि सकाळी तापमान व क्षारता जुळवून घ्यायची. मासा जाळीने उचलावा, सोबत जुने पाणी शक्य तितके कमी जावे. वापरलेला टब, जाळी आणि हवेचा दगड व्हिनेगरने धुऊन अंगणात उन्हात टाकायचा. परजीवी कोरडेपणात टिकत नाही, आणि परतवाड्याच्या मार्चच्या उन्हात टब दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. आपल्या उन्हाळ्याचा हा एवढाच उपकार मी मानते. तीन दिवसांत पाणीच बदलत असल्यामुळे अमोनियाही फारसा साचत नाही आणि फिल्टर लागत नाही.

मात्र तुमच्या टँगला २० लिटरचा टब पुरणार नाही. त्याच्यासाठी मोठी भांडी लागतील आणि मिठाचा खर्च त्या प्रमाणात वाढेल.

खारपाणपट्टा | १९ मार्च, रात्री १०.५०

ताई, मिठाच्या खर्चावरून विचारतो. मी दर्यापूर तालुक्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात आमचे भूजलच खारे. बोअरच्या पाण्याने चहा फाटतो. पाणी आधीच खारे असेल तर सागरी मीठ कमी घालून भागणार नाही का?

मत्स्यशाळा | १९ मार्च, रात्री ११.२०

नाही. आपल्या जिभेला खारपाणपट्ट्याचे पाणी खारट लागते, पण समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तुमच्या बोअरला टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा, मीटर लावला तर आकडा त्याच्या जवळपासही जाणार नाही. शिवाय खारट असणे आणि समुद्रासारखे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे समुद्रातले प्रमाण ठरलेले असते, आणि भूजलातले दर शिवाराला वेगळे. लोणारचे सरोवर खारे असूनही त्यात समुद्राचा मासा जगणार नाही, कारण ते पाणी कमालीचे अल्कधर्मी आहे. आरओचे पाणी घ्यावे, तेही गावच्या कॅनवर विसंबून न राहता मीटर लावून, आणि त्यात सागरी मीठ घालावे. जेवणातले मीठ चालत नाही.

संत्राबाग | २१ मार्च, रात्री १०.००

दोन दिवस धावपळीत गेले. आज दुपारी मुख्य टाकीतील दगड बाहेर काढून सगळे मासे पकडले. डॅमसेल पकडणे म्हणजे गव्हाच्या गंजीत उंदीर शोधणे. उपचार टाकी १०० लिटरची, तळ उघडा, वाळू नाही, आणि लपायला ठिबकच्या कामातून उरलेले नवे पीव्हीसी एल्बो आणि टी, औषध-फवारणीच्या लाइनला कधीही न लावलेले. तांब्याची बाटली आणि किट २३ तारखेला येईल असे सांगितले आहे. तोवर ताईंच्या पद्धतीने उद्या-परवा टाकी पुसून पाणी बदलणार आहे. टँगने आज खाल्ले नाही.

मुख्य टाकी आता फक्त खेकड्यांची आहे. ती किती दिवस मोकळी ठेवायची?

वैनगंगाकाठ | २१ मार्च, रात्री १०.४५

पडीत ठेवा, सर, शेत ठेवतो तशी. बहुतेक कवचे तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, पण सगळी एकदम फुटत नाहीत. प्रयोगशाळेत ७२ दिवसांनी फुटलेलीही आढळली आहेत. म्हणून मासे पाळणाऱ्यांनी ७६ दिवसांचा नियम धरला आहे. आज २१ मार्च, तेव्हा ५ जून. मधल्या काळात मासा एकही नको, अगदी ‘धडधाकट दिसतो’ असाही नको. खेकड्यांना चालते, त्यांच्यावर हा परजीवी पोसला जात नाही. खेकड्यांना देता त्याच खाद्याचा कण अधूनमधून जास्त टाकत राहा, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू उपाशी मरणार नाहीत.

दोन्ही टाक्यांच्या जाळ्या, बादल्या, नळ्या वेगळ्या ठेवा आणि हात धुऊन कोरडे केल्याशिवाय एकीतून दुसरीत घालू नका. शक्य असल्यास टाक्या वेगवेगळ्या खोल्यांत असाव्यात. पंपाच्या फुटणाऱ्या बुडबुड्यांतून उडणारे तुषारसुद्धा परजीवी पोहोचवू शकतात.

संत्राबाग | २६ मार्च, रात्री ९.१५

२३ ला बाटली आली. २४ पासून तांबे चढवले : पहिल्या दिवशी ०.५, दुसऱ्या दिवशी १.०, आज १.५, उद्या २.० मिलिग्रॅम. टँग काल मेला. मेला तेव्हा त्याच्या अंगावर मोजून तीन ठिपके होते. कल्ल्याचे झाकण उचलून पाहिले, आतली गुलाबी पाती पांढरट चिकट्याने भरलेली होती. ‘ठिपके कमी झाले’ म्हणून मी परवाच मनातल्या मनात हुश्श केले होते. दोन क्लाउन आणि दोन डॅमसेल खात आहेत.

परतवाडा_ताई | २६ मार्च, रात्री ९.४०

वाईट वाटले, सर. टँग जातीला हा रोग सर्वांत लवकर गाठतो. मी म्हणून त्या वाटेलाच जात नाही.

मत्स्यशाळा | २६ मार्च, रात्री १०.३०

टँग उशिरा हाती आला, तुमच्या या आठवड्यातील कोणत्याही निर्णयाने तो वाचला असता असे मला वाटत नाही.

पुढच्या दिवसांत दोन ठिकाणी घात होतो. पहिला अमोनियाचा. उपचार टाकीत जिवाणूंची वस्ती नसते, त्यामुळे खाद्य हात राखून द्यावे आणि पाणी बदलत राहावे. अमोनिया बांधणारी तयार औषधे मात्र तांब्यासोबत टाकू नयेत, त्यांतली काही तांब्याला त्याच्या बंधनातून मोकळे करतात आणि पाणी विषारी होते. दुसरा घात पाणी बदलतानाचा. २५ लिटर पाणी काढले तर तेवढे तांबेही गेले; म्हणून नव्या २५ लिटरमध्ये आधीच लिटरला २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने तांबे घालून मगच ते टाकीत ओता. एक दिवस जरी पातळी खाली गेली, तरी त्या दिवशी फुटलेले कवच सुटते आणि तांबे पूर्ण पातळीवर ठेवायच्या ३० दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते.

याउलट वाफ होऊन कमी झालेले पाणी साध्या आरओने भरा, कारण वाफेबरोबर मीठही जात नाही आणि तांबेही जात नाही. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा.

खारपाणपट्टा | २७ मार्च, सकाळी ७.३०

क्षारता उतरवण्याचा उपाय कोणीच नीट सांगितला नाही. माझ्याकडे तांबे नाही, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे.

वैनगंगाकाठ | २७ मार्च, दुपारी १.१५

खात्रीने क्रिप्टोकॅरिऑनच असेल तर तो उपाय चांगला आहे. माझ्याकडे रोग ओळखण्यात चूक झाली होती. समुद्राचे पाणी २५ अंशांना १.०२६ विशिष्ट गुरुत्वाचे असते. ते आरओच्या पाण्याने दोन दिवसांत १.००९ वर आणायचे आणि चार आठवडे तिथेच धरून ठेवायचे. खारेपणा एवढा घटला की कवचातले जीव फुटून मरतात, माशाला मात्र ते सोसते. १.०११ झाले तर उपयोग नाही, आणि इथेच रिफ्रॅक्टोमीटर दगा देतो. आपण तो साध्या पाण्यावर शून्याला लावतो आणि समाधान मानतो. ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर तो वेगळेच वाचत असतो. दोन्ही टोकांना तपासून घ्यावा. पाणी विरळ झाल्याने पीएचही खाली येतो, म्हणून तो रोज पाहावा. परत चढवताना घाई चालत नाही, दिवसाला ०.००१ ते ०.००२ एवढेच.

आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत, कुलरसमोर ठेवलेल्या उघड्या टाकीतून एका दिवसात इतके पाणी उडते की सकाळचे १.००९ संध्याकाळी राहत नाही. दिवसातून दोनदा भरावे लागते.

धानोरा_रोड | ४ एप्रिल, रात्री ८.२०

मी गडचिरोलीकडचा. क्लोरोक्विनही या परजीवींवर चालते असे वाचले. आमच्याकडे हिवतापामुळे या गोळ्या माहितीच्या आहेत. घरात कोणाच्या उरल्या असतील तर त्या वापराव्यात का?

मत्स्यशाळा | ४ एप्रिल, रात्री ९.००

शुद्ध क्लोरोक्विन फॉस्फेट व्हेल्वेटवर विशेष चांगले चालते, हे खरे आहे. पण गोळीत औषधाखेरीज भरणही असते, ते टाकीत गढूळपणा आणते. पाण्यात औषध किती उरले हे मोजायचे घरगुती किट नाही. आणि माणसासाठी हे चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. गडचिरोलीत तर ती गोळी माशासाठी बाजूला काढून ठेवू नये असेच मी म्हणेन. तांबे चालू असताना तर मुळीच नको. रोग ओळखताच येत नसेल तर नागपूरला तेलंगखेडीत मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारावे.

संत्राबाग | २६ एप्रिल, रात्री १०.१०

२७ मार्चला तांबे २.० वर पोहोचले, आज तीस दिवस पूर्ण झाले. रोजची नोंद वहीत आहे : सर्वांत कमी १.९, सर्वांत जास्त २.२. हा २.२ चा दिवस म्हणजे १४ एप्रिल. गावात सकाळी दहाला लाइन गेली ती रात्री आठला आली. घरात ४१ अंश, पाणी ३१ वर, आणि वाफेने पाणी रेघेच्या दोन बोटे खाली. बॅटरीचा हवेचा पंप होता म्हणून मासे वाचले. बाटल्यांत बर्फ करून ठेवलेला होता, तो एकेक करून टाकीत तरंगवला. घरच्यांनी लिंबू सरबताला मागितला, तो दिला नाही, आणि त्यावरून अजून ऐकून घेतो आहे.

२ एप्रिलनंतर एकही ठिपका दिसलेला नाही. यावेळी वहीत ‘बरा’ लिहिले नाही, फक्त तारीख लिहिली. आता तांबे काढण्यासाठी पाणी बदलतो आहे आणि फिल्टरमध्ये कोळसा घातला आहे. मासे ५ जूनपर्यंत याच टाकीत राहतील.

संत्राबाग | ७ जून, रात्री ९.३०

परवा ७६ दिवस झाले. काल चारही मासे मुख्य टाकीत गेले. डॅमसेलने पहिल्या तासातच जुना दगड ताब्यात घेतला आणि क्लाउनना हुसकावले, म्हणजे प्रकृती ठीक आहे असे समजतो.

आज नागपूरहून रॅस जातीचा एक मासा आणला, याही वेळी मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन. तो आता उपचार टाकीत एकटा आहे आणि पुढचा महिनाभर तिथेच राहणार आहे. एक शेवटची शंका : याच उपचार टाकीत पुढे कधी कोळंबी ठेवता येईल का? तांब्याचे किट आता शून्य दाखवते.

मत्स्यशाळा | ७ जून, रात्री १०.०५

कोळंबी ठेवू नये. काचेच्या जोडातील सिलिकॉनमध्ये आणि पंपाच्या रबरात तांबे मुरते आणि नंतर हळूहळू सुटते. किटला शून्य वाटणारी मात्रा कोळंबीला पुरेशी असते. त्या टाकीवर मार्करनेच ‘तांबे’ असे लिहून ठेवा.

संत्राबाग | ७ जून, रात्री १०.१०

लिहिले. पाण्याच्या रेघेच्या वरच.